सेलवरची बेस गिटार बिनसेलची करताना
रिपेअरिंगचा हुनर असलेल्यांसाठी एक दुर्लक्षित काम

एकेकाळी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक तरी दुकान असे. हातात सोल्डरिंग आयर्न, समोर मीटर, मागे उघड्या सेटची रास, आणि बाकड्यावर बसून काम शिकणारे दोन पोरगे, असे चित्र होते. आता घरातली वस्तू बिघडली की लोक ती टाकून नवी आणतात. दुकाने बंद झाली, काहींनी मोबाईलची दुरुस्ती धरली, काहींनी रिक्षा घेतली. मात्र हातातला हुनर मेलेला नाही. तो कोणत्या बाजारात खपेल, एवढाच सवाल आहे.

असाच एक बाजार वाद्यदुरुस्तीचा आहे. ऑर्केस्ट्रा, कॉलेजची पथके, चर्च, गोव्याची हॉटेले, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ या सर्व ठिकाणी बेस गिटार वाजते. ही वाद्ये बहुधा परदेशी बनावटीची आणि महाग असतात. त्यातली बरीचशी ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतात. आतली पट्टी जळाली की वाद्य मुके होते, आणि तसाच सुटा भाग मिळत नाही म्हणून कोपऱ्यात पडून राहते. अशी गिटार बिनसेलची करून पुन्हा बोलती करणे हे काम रेडिओ मेकॅनिकला अवघड नाही. त्याचीच माहिती आम्ही येथे देत आहोत.

रेडिओवाल्याची देन

या वाद्याचा इतिहास आपल्या कारागिरांनी मुद्दाम जाणून घ्यावा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलरटन नावाचे गाव आहे. तेथे लिओ फेंडर या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. शिक्षण हिशेबनिसाचे, आधी नोकरीही त्याच कामाची. तो स्वतः गिटार वाजवत नसे. दुकानात वादक आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणत, त्यांच्या तक्रारी तो ऐके, आणि त्यातूनच त्याने वाद्ये बनवायला घेतली.

विजेवरची बेस बनवण्याचा प्रयत्न त्याच्याआधी सिएटलच्या पॉल टटमार्क याने १९३०च्या दशकात केला होता, पण बाजारात ती रुजली नाही. फेंडरची ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली आली आणि माणसाच्या उंचीचा डबल बेस वाहून नेणाऱ्या वादकांचे ओझे उतरले. १९६० साली त्याची ‘जाझ बेस’ आली. १९६५च्या जानेवारीत त्याने आपली कंपनी सी.बी.एस. या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे १९७६ साली ‘म्युझिक मॅन’ या नव्या कंपनीतून ‘स्टिंगरे’ ही बेस आली. तिच्यात सेलवर चालणारी पट्टी बसवलेली होती आणि तिच्यामुळे सेलवरच्या बेसचा प्रसार झाला. लिओ फेंडर १९९१ साली वारला. दुरुस्तीच्या बाकड्यावर बसून गिऱ्हाईकाचे ऐकणारा माणूस कुठवर जाऊ शकतो, याची ही मिसाल आहे.

दोन जाती, दोन स्वभाव

बेस गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत अगदी थोडी वीज उत्पन्न होते. हीच वीज वायरमधून ॲम्प्लिफायरकडे जाते. पिकअपला त्यासाठी सेल लागत नाही.

पॅसिव्ह, म्हणजे बिनसेलच्या गिटारमध्ये पिकअपनंतर फक्त दोन गोष्टी असतात. आवाज कमी-जास्त करणारा पॉट, आणि टोनचा पॉट त्याच्या कंडेन्सरसह. टोनचा कंडेन्सर तीक्ष्ण आवाज अर्थमध्ये गळू देतो. येथे आवाजातून काही कमी करता येते, वाढवता काही येत नाही.

ॲक्टिव्ह, म्हणजे सेलच्या गिटारमध्ये मधे एक लहान ॲम्प्लिफायर असतो. त्याला प्रीॲम्प म्हणतात. त्यामुळे खर्ज आणि तीक्ष्ण आवाज वाढवताही येतो, आणि लांब वायर लावली तरी आवाज बोथट होत नाही. हा फायदा खरा आहे. तोटा असा की सेल संपला किंवा पट्टी बिघडली की चालू कार्यक्रमात गिटार गप्प होते. काही कंपन्या ही पट्टी घट्ट रसायनात बुडवून ठेवतात, त्यामुळे आतला एखादा स्वस्तातला भाग गेला तरी तो बदलता येत नाही.

आधी नाडी पाहावी

वाद्य दुकानात आले की लगेच आयर्न तापवू नये. पहिली तपासणी सेलची. दुसरी जॅकची. सेलच्या गिटारमधील जॅकला तीन पाय असतात. सेलची काळी वायर मधल्या पायाला जोडलेली असते आणि प्लग आत गेला तरच सर्किट पुरे होते. म्हणूनच वाजवून झाल्यावर प्लग काढून ठेवला तर सेल वाचतो. या जॅकची पट्टी वाकली किंवा गंजली तरी गिटार मुकी होते. दोष एवढाच असेल तर पट्टी साफ करून सरळ करावी, त्याचेच पैसे घ्यावेत आणि वाद्य परत करावे. न बिघडलेला प्रीॲम्प काढून मोठे बिल करणे हा तिजारतीचा मार्ग नव्हे.

सेल आणि जॅक ठीक असतील तर पिकअपकडे वळावे. पिकअपच्या वायरी प्रीॲम्पपासून सोडवून मीटर ओहमवर ठेवावा. काही हजार ओहम दाखवले तर पिकअप साधा आहे आणि काम होण्याजोगे आहे. जाझ बेसच्या धर्तीचा पिकअप साधारण ७ ते ८ हजार ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर बहुधा आतली तार तुटलेली आहे. मग खात्रीसाठी पिकअपच्या दोन वायरी क्लिप लावून सरळ जॅकला जोडाव्यात आणि तार छेडावी. आवाज आला म्हणजे दोष पट्टीतच आहे.

एक खबरदारी येथे महत्त्वाची आहे. काही पिकअपच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो आणि त्यांना सेलची वेगळी वायर जाते. असा पिकअप बिनसेलचा होत नाही. साधे पॉट लावले तरी त्याला सेल लागतोच. हे न तपासता काम अंगावर घेतले तर वेळ आणि सामान दोन्ही पाण्यात जाते.

सामान घेताना

जुने पॉट परत वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. सेलच्या गिटारचे पॉट बहुधा २५ हजार किंवा ५० हजार ओहमचे असतात. ते साध्या पिकअपवर लावले तर आवाज दबतो आणि मळकट होतो. बिनसेलच्या बेसला एका कॉइलच्या पिकअपसाठी २५० हजार ओहमचा पॉट लागतो. दोन कॉइलच्या पिकअपसाठी ५०० हजारांचा घेतला तर आवाज अधिक उघडा राहतो. मेकॅनिक त्यांना ‘२५० के’ आणि ‘५०० के’ म्हणतात. पॉटवर बहुधा ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर असते. आवाजासाठी ‘ए’ घ्यावा, तो कानाला सावकाश आणि एकसारखा चढतो.

टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बेसला रूढ आहे. लहान कंडेन्सरवर तो ‘४७३’ असा छापलेला असतो. बाजारात याच आकड्याचे फार महागडे कंडेन्सर नावावर विकले जातात. येथे विजेचा दाब नाममात्र असतो, त्यामुळे साधा पॉलिएस्टरचा कंडेन्सर इमानदारीने काम करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सामान मिळते.

स्विच घेताना दुकानदाराला नीट सांगावे. पिकअप निवडण्यासाठी तीन जागांचा स्विच हवा, ज्याच्या मधल्या जागी दोन्ही पिकअप चालतात. त्याला ‘ऑन-ऑन-ऑन’ म्हणतात. तसाच दिसणारा ‘ऑफ-मध्ये’ असलेला स्विच हाती आला तर मधल्या जागी गिटार बंद पडते. दिसायला दोन्ही सारखे असल्याने मीटर लावूनच स्विच घ्यावा.

जोडणीची रीत

समजा, गिटारला दोन पिकअप आहेत, दोन्ही दोन-दोन कॉइलचे, आणि वर चार छिद्रे आहेत. नवे छिद्र न पाडता त्या चारांत आपले काम बसवायचे आहे. पहिल्यात आवाज, दुसऱ्यात टोन, तिसऱ्यात पिकअप निवडण्याचा स्विच, चौथ्यात मागच्या पिकअपच्या कॉइल बदलण्याचा स्विच. लहान स्विचची मान साधारण ६ मिलिमीटरची आणि पॉटचे छिद्र त्याहून मोठे असते, म्हणून खालून-वरून रुंद वॉशर घालावा.

आधी जुन्या जोडणीचा नकाशा कागदावर काढावा, फोटो घ्यावा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी. मग प्रीॲम्प सांभाळून काढावा. वायरी पट्टीच्या जवळ कापाव्यात, म्हणजे त्या परत जोडता येतील.

दोन्ही पिकअपच्या गरम वायरी निवडीच्या स्विचला द्याव्यात. स्विचमधून निघालेली वायर आवाजाच्या पॉटच्या एका बाजूच्या पायाला. मधला पाय जॅकच्या टोकाला. तिसरा पाय पॉटच्या पाठीला सोल्डर करून अर्थ. आवाजाच्या पॉटच्या पहिल्या पायावरूनच एक वायर टोनच्या मधल्या पायाला न्यावी, आणि टोनच्या बाजूच्या पायापासून कंडेन्सर पॉटच्या पाठीवर उतरवावा. बाजूचा पाय चुकीचा निवडला तर काही जळत नाही, फक्त बटण उलटे चालते. तो बदलला की झाले.

जॅक तीन पायांचाच ठेवला तरी चालतो, मधला पाय रिकामा ठेवावा. सेलच्या दोन्ही वायरी काढून टाकाव्यात, लोंबत्या ठेवू नयेत. आणि पुलापासून, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लोखंडी ब्रिजपासून आत येणारी वायर पॉटच्या पाठीला जोडायला विसरू नये. ती राहिली तर गिटार गुणगुणते आणि तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.

कॉइलचा खेळ

दोन कॉइलच्या पिकअपमधून चार वायरी निघतात. येथे रंगावर विसंबू नये. आम्ही कापडाच्या धंद्यातले, एकाच नावाचा रंग दोन गिरण्यांत दोन तऱ्हेचा निघतो हे आम्हाला ठाऊक आहे. पिकअपचे तसेच आहे. सेमूर डंकन या कंपनीत काळी वायर गरम आणि हिरवी अर्थ. डिमार्झिओत लाल गरम आणि हिरवी अर्थ, आणि काळी तर मधल्या जोडाची. म्हणून मीटरने कोणत्या दोन वायरी एका कॉइलच्या आहेत ते शोधून जोड्या लावाव्यात.

मग दिशा पाहावी. काट्याचा मीटर सर्वांत खालच्या डी.सी. रेंजवर ठेवून पिकअपच्या लोखंडी खुंटीवर पेचकस टेकवावा. काटा किंचित हलतो. दोन्ही कॉइलवर आणि दोन्ही पिकअपवर काटा एकाच बाजूला हलला पाहिजे. एक उजवीकडे आणि एक डावीकडे गेला तर दोन्ही मिळून आवाज पातळ, पोकळ येतो. तेव्हा त्या कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करावी.

पुढच्या पिकअपच्या कॉइल एकामागे एक जोडून कायम ठेवाव्यात. मागच्या पिकअपसाठी सहा पायांचा, दोन जागांचा स्विच घ्यावा. पहिल्या कॉइलचे पहिले टोक कायम गरम वायरीवर. दुसऱ्या कॉइलचे शेवटचे टोक कायम अर्थवर. उरलेली दोन टोके स्विचच्या मधल्या दोन पायांवर. आता स्विचच्या एका बाजूच्या दोन पायांना लहान वायरीने एकमेकांशी जोडावे. दुसऱ्या बाजूला पहिल्या कॉइलच्या रांगेतला पाय अर्थला आणि दुसऱ्या कॉइलच्या रांगेतला पाय गरम वायरीला द्यावा. स्विच एका जागी ठेवला की कॉइल एकामागे एक, दुसऱ्या जागी शेजारीशेजारी.

काम बरोबर झाले की नाही हे मीटर सांगतो. प्रत्येक कॉइल ५ हजार ओहमची असेल तर पहिल्या जागी १० हजार आणि दुसऱ्या जागी अडीच हजार दिसले पाहिजेत. कानाला पहिल्या जागी आवाज जाड आणि मोठा, दुसऱ्या जागी थोडा लहान पण स्वच्छ येतो. एकाच गिटारचे दोन आवाज झाले, आणि सेलची गरज संपली.

वादकाच्या जिवाची गोष्ट

बेसच्या तारा अर्थच्या वायरीतून थेट ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. गिटारमधली वीज निरुपद्रवी आहे, परंतु मंडपातले अर्थिंग तुटलेले असेल तर ॲम्प्लिफायरमधली वीज तारांवर येऊ शकते. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या पथकाचा गिटारवादक लेस हार्वे अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. तीन पायांच्या पिनचा अर्थचा पाय कापून दोन पायांच्या सॉकेटमध्ये खुपसण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. गिऱ्हाईकाला वाद्य देताना एवढी ताकीद अवश्य द्यावी. तारांना बोट लागून झिणझिण्या येत असतील तर दोष गिटारचा समजून ब्रिजची वायर कापू नये, अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. आणि ज्यांनी ॲम्प्लिफायरचे काम शिकलेले नाही त्यांनी तो उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातले मोठे कंडेन्सर वीज धरून असतात.

हिशेब आणि अमानत

आता पैशाचे. समजा, सामानाला ८०० रुपये लागले. तीन तासांची मजुरी ताशी २०० प्रमाणे ६०० झाली. भाडे, वीज आणि सामानासाठीचा हेलपाटा १५०. वाद्य एकदा परत उघडावे लागले तर त्यासाठी राखीव १५०. एकूण १,७०० रुपये. आपले कारागीर बहुतेक वेळा पहिल्या दोन रकमा धरतात आणि उरलेल्या दोन विसरतात, मग महिन्याअखेरीस बरकत का नाही म्हणून विचारतात. आकडे ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे घालावेत, चारही खाने मात्र भरावेत.

काम घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला फायद्याबरोबर तोटाही सांगावा. खर्ज वाढवण्याचे बटण आता राहणार नाही, ते काम ॲम्प्लिफायरवर करावे लागेल. वायर फार लांब असेल तर आवाजाची धार थोडी कमी होईल. जुन्या नामांकित बेसची किंमत तिच्या मूळ भागांवर ठरते, म्हणून अशा वाद्याच्या लाकडाला लेखी परवानगीशिवाय छिद्र पाडू नये. काढलेला प्रीॲम्प, जुने पॉट आणि जोडणीचा नकाशा पुडीत बांधून पावतीबरोबर परत द्यावा. ते सामान गिऱ्हाईकाचे आहे, आपल्या ड्रॉवरचे नाही.

सोल्डरचे काम मागच्या झाकणाखाली झाकले जाते, ते कोणी पाहत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून दिला, हा प्रसंग आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. वरून कोरडे आणि आतून ओले, असा माल त्या दिवशी नापसंत ठरला. पॉटची पाठ न घासता वरवर चिकटवलेला सोल्डर हाही ओल्या धान्यातलाच प्रकार आहे. तो आज चमकतो आणि महिन्याने सुटतो.

एका सवालाबद्दल

काही वाचक विचारतील की वाद्याचे काम आपल्याला जायज आहे काय? आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, आलिम नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांचा मशवरा घ्यावा आणि मनाला पटेल तेच करावे. वाद्यांच्या कामात जे आधीच आहेत किंवा जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि असे लोक आपल्यात थोडे नाहीत. मिरजेची शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. शस्त्रांची मागणी संपली तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा बनवायला घेतला. त्यांचा माल देशभरच्या गवयांकडे पोचला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीचा हात तंबोऱ्यावर बसला, तर रेडिओचा हात गिटारवर का बसू नये?

आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या दुकानात आयर्न आणि मीटर अजून आहे त्यांनी भंगारातली एखादी बंद बेस घेऊन तिच्यावर हात बसवावा. मग गावातल्या वाद्यांच्या दुकानदाराला आणि ऑर्केस्ट्रावाल्याला भेटून सांगावे की हे काम आम्ही करतो, लेखी पावती देतो आणि काढलेले सामान परत देतो. बाकड्यावर शेजारी एका पोरालाही बसवावे. त्याच्या हाती हा कसब गेला तर पुढच्या पिढीला दुकानाचे शटर ओढावे लागणार नाही.